दुधाचा टोप आणि मधमाशीची कपबशी

मी एक जुना दुधाचा टोप आहे. काही घरांत मला पातेलं म्हणतात, म्हणोत बापडे. अंग पांढरं, काठ निळा, एका बाजूला लांब दांडा. आतून मी लोखंडी पत्र्याचा असलो तरी वरून काचेचा मुलामा आहे. इनॅमल म्हणतात त्याला. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं भांडण याच गोष्टीवरून आहे.

मित्रांनो, स्वतःची कहाणी सांगायला बसलं की जो तो फार गुणी होतो. कोणी झिजला म्हणून सांगतो, कोणी जळला म्हणून. मीही जळलो, पण नुसता गॅसवर नाही. मी एका कपबशीवर जळलो. आणि खोटं कशाला बोलू, अजूनही जळतोच आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पत्र्याची चकती एका अजस्र यंत्राखाली गेली आणि धाडकन दाबून तिचा टोप झाला. मग काचेची बारीक पूड कालवलेल्या पाण्यात मला बुचकळलं आणि भट्टीत घातलं. काय ती आग! पण त्या आगीतून बाहेर आलो तो असा पांढराशुभ्र, गुळगुळीत, की तपासणाऱ्या बाईंनी माझ्या काठावरून अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, "हा छान निघालाय." त्या एका वाक्यावर मी पुढची कितीतरी वर्षं काढली.

दुकानातून मला आणलं ते आमच्या बाईंनी. त्या घरी शिलाई करायच्या. पडदे, उशांचे अभ्रे, शाळेचे गणवेश, काय म्हणाल ते. संसार नवा होता, आणि पहिल्या शिलाईच्या कमाईतून त्यांनी स्वतःसाठी म्हणून घेतलेली पहिली वस्तू म्हणजे मी. शिलाईचं मशीन स्वयंपाकघराच्या खिडकीशीच होतं. सकाळी माझ्यात दूध ओतायचं, मला गॅसवर ठेवायचं आणि बाई मशीनवर बसायच्या. पाठ माझ्याकडे, पण कान माझ्याकडेच. दूध वर येताना माझ्या अंगातून जो बारीक सूर निघतो ना, तो ऐकला की बाई पायाने मशीन थांबवायच्या आणि नेमक्या वेळी येऊन गॅस बंद करायच्या. मी कधी उतू गेलो नाही. माझी साय अशी जाड यायची की शेजारच्या मावशी म्हणायच्या, "तुमच्या टोपाच्या हातालाच चव आहे हो!" आता टोपाला हात कुठला, पण कौतुक ते कौतुक.

सगळं असं छान चाललेलं असताना घरात काचेचं कपाट आलं.

आमचे मालक, बाईंचे यजमान, दात बनवतात. म्हणजे दातांचे डॉक्टर नव्हेत. डॉक्टर लोकांच्या दातांचे साचे पाठवतात आणि हे गल्लीच्या टोकाच्या आपल्या कामाच्या खोलीत बसून चिनी मातीचे दात घडवतात, रंगवतात, छोट्याशा भट्टीत भाजतात. गल्लीतले लोक त्यांना कवळीवाले म्हणतात. त्यांच्या खिशात नेहमी दातांच्या रंगांची एक पट्टी असते. कोणी हसलं की मालक त्या माणसाचा चेहरा बघत नाहीत, दात कोणत्या छटेचे आहेत ते बघतात. चिनी मातीचं वेड असं त्यांच्या हातातच होतं. ते एक दिवस जुन्या बाजारात गेले आणि तिथल्या एका दुकानात त्यांनी युरोपातली एक जुनी बशी पाहिली. झालं. तिथून जे खूळ लागलं ते लागलंच.

त्या दुकानदाराला आमच्या घरी चष्मेवाले म्हणायचे, कारण त्यांच्या गळ्यात एक, कपाळावर एक आणि नाकावर एक असे चष्मे असत. ते कधीकधी घरी येत आणि आमच्या जाड मगातून चहा पिता पिता त्या नाजूक भांड्यांच्या गोष्टी सांगत. युरोपातल्या लोकांना म्हणे ही माती कशी बनवतात ते किती काळ कळतच नव्हतं. कळलं तेव्हा राजांनी कारागिरांना कोंडून ठेवलं, गुपित फुटू नये म्हणून. मालक तोंडाचा आ करून ऐकायचे. मी ओट्यावरून ऐकायचो आणि माझ्या पोटात दुखायचं.

कपाट बैठकीच्या खोलीत होतं, पण स्वयंपाकघराच्या दारासमोर. म्हणजे उठल्याबसल्या ती मंडळी माझ्या डोळ्यांसमोर. सोनेरी काठाच्या बश्या, मानेला बाक असलेली किटली, फुलं काढलेलं साखरेचं भांडं. आणि सगळ्यांत वरच्या फळीवर, मधोमध, गुलाबांच्या दोन कपबश्या. एकसारख्या, जुळ्या बहिणी. त्यांतल्या एकीच्या कानाजवळ मात्र एक इवलीशी मधमाशी काढलेली होती.

त्या मधमाशीची गोष्ट मालक येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. भाजताना भट्टीत या कपावर राखेचा एक काळा ठिपका पडला. दुसरा कोणी असता तर कप फेकून दिला असता. पण चित्रकाराने त्या ठिपक्याची मधमाशी करून टाकली. दोन पंख, दोन मिशा, की झालं! "डागाचा दागिना केला बघा," असं म्हणून मालक मान डोलवायचे.

ऐकून माझ्या अंगाची लाही व्हायची. अरे, भट्टीतून ती आली तसा मीही आलो. काच तिच्या अंगावर तशी माझ्याही अंगावर. नात्याने बघायला गेलं तर आमची भावकीच. पण ती थोरल्या घरची आणि मी गरीब घरचा! मी एकदा मालकांच्याच हातून पडलो होतो. दांड्याजवळ टवका उडाला, काळा पत्रा दिसायला लागला, आणि तळाला पोचा आला. तेव्हापासून मी गॅसवर नीट बसत नाही, जरा डुगडुगतो. मालकांनी मला उचललं, इकडेतिकडे बघितलं आणि ओट्यावर ठेवून दिलं. माझ्या टवक्यावर मुंगीसुद्धा काढली नाही कोणी. आणि त्या नटवीच्या एका ठिपक्याचं केवढं ते कौतुक!

वर्षातून एकदा, सुट्टीच्या दिवशी, कपाटाची अंघोळ असायची. त्या दिवशी घरात मोठ्याने बोलायची चोरी. मालक बोटातली अंगठी काढून ठेवत, टबात कोमट पाणी घेत, तळाशी जाड टॉवेल अंथरत. एकेक भांडं तान्ह्या बाळासारखं धुवायचं, उलटं करून तळाची कारखान्याची निळी खूण बघायची, उजेडासमोर धरायचं, मग काठावर नखाने हलकेच टिचकी मारायची. टण्ण! तो सूर विरेपर्यंत मालक डोळे मिटून उभे. शेवटी भांडं नाकाशी नेऊन हुंगायचं, ओल तर राहिली नाही ना म्हणून. बाईंना हात लावायची परवानगी नव्हती. त्यांनी फक्त कोरडे पंचे पुढे करायचे.

एकदा बाई सहज म्हणाल्या, "अहो, यातून एकदा चहा पिऊन बघू या की."

"यातून? चहा?" मालकांच्या तोंडचं पाणीच पळालं. "अगं, काहीतरीच काय बोलतेस!"

बाई हसल्या आणि त्यांनी पुढचा पंचा पुढे केला. पण त्या दिवशी मला कळलं की कपाटावर जळणारा या घरात मी एकटा नाही. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

आता मुख्य गोष्टीकडे येतो, मित्रांनो. एका दुपारी बाई घाईत होत्या. गणवेशांचा ढीग पडला होता. मशीनची सुई थेट त्यांच्या बोटात घुसली. बाईंनी दात आवळून बोट सोडवलं, धुतलं, त्यावर चिंधी बांधली आणि पुन्हा शिवायला बसल्या. संध्याकाळी मालक आले ते खुशीत. कपाट उघडून त्यांनी ती मधमाशीवाली बया काढली आणि खिडकीत जाऊन धरली.

"इकडे ये, बघ तरी. मागे हात धर तुझा. धरलास? दिसतात की नाही बोटं आरपार? बघ, किती नाजूक आहे ती!"

बाईंनी कपामागे हात धरला. बोटांची सावली दिसली. चिंधी बांधलेल्या बोटाची सावली जाड दिसत होती, ती मला ओट्यावरून दिसली. मालकांना नाही दिसली. त्यांनी कप पुसला, ठेवला, कपाट लावलं आणि जेवायला काय आहे म्हणून विचारलं.

दुसऱ्या दिवशी मालक कामावर गेले. बाईंनी शिवण बाजूला ठेवली. चहा केला, चांगला उकळता, कडक. आणि ताड ताड जाऊन कपाट उघडलं आणि तीच कपबशी काढून ओट्यावर ठेवली. मी बाजूलाच होतो, पोटात ताजं तापलेलं दूध. बाईंनी तो उकळता चहा सरळ त्या थंडगार कपात ओतला.

आता चष्मेवाल्यांनी कितीदा तरी सांगितलं होतं. या पातळ कपांत आधी दूध घालायचं, मग चहा. दुधाने कपाला गरम चहाचा चटका बसत नाही. बाईंनी ते ऐकलेलं होतं, पण रागात कोण आठवतंय? त्यांनी खुर्चीवर बसून अर्धा कप चहा प्यायला, डोळे मिटून. आणि तेवढ्यात "टिक्" असा आवाज झाला. केसाएवढी एक रेघ मधमाशीपासून निघाली आणि तळापर्यंत गेली.

माझा आनंद काय सांगू! झाली ना फजिती? नाकाने कांदे सोलत होतीस ना? मी जन्मभर उकळतो आहे, मला कधी काही झालं नाही, आणि हिला एका चहात तडा! गॅसवर असतो तर मी नाचलो असतो.

पण बाईंचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी कप धुतला, पुसला आणि रेघ भिंतीकडे येईल असा वळवून कपाटात ठेवला. संध्याकाळी मालक कपाटाशी उभे राहिले की बाईंच्या हातातली कात्री थांबायची. दोरा तुटायचा. रात्रीच्या जेवणात मीठ पडायचं नाही. आणि माझ्याबाबतीत जे कधीच झालं नव्हतं ते झालं. मी उतू गेलो. एकदा नाही, दोनदा. मी सूर काढत होतो, पण बाईंचा कान माझ्याकडे नव्हता. मन कुठे होतं ते मला ठाऊक होतं. म्हणजे तडकूनही त्या नटवीने माझी बाई माझ्यापासून पळवलीच! कपाटाच्या अंघोळीचा दिवस जवळ येत होता. मालक टिचकी मारणार आणि आवाज बद्द येणार, हे बाईंना कळत होतं. मालक ओरडणारे नाहीत. पण ते काही न बोलता कपाटाला कुलूप लावतील, आणि मग कपाटाबरोबर बाईंच्या संसारालाही कायमचं कुलूप लागेल, याची बाईंना धास्ती होती. एकदा दळण निवडताना त्या स्वतःशीच पुटपुटल्या, "माझ्यावर पुन्हा विश्वास नाही ठेवायचे ते."

मग बाईंना चष्मेवाल्यांचं आणखी एक बोलणं आठवलं. बारीक तडा गेला असेल तर भांडं दुधात बुडवून तासभर मंद आचेवर ठेवायचं. दूध तड्यात शिरतं, तिथे घट्ट होतं आणि रेघ मिटते. आणि दूध म्हटल्यावर, मित्रांनो, टोप कोणता?

बाईंनी माझ्या तळाशी मऊ फडक्याची घडी घातली. त्यावर ती महाराणी. वरून दूध. गॅस अगदी बारीक. ज्या सवतीवर मी जन्मभर जळलो ती माझ्या पोटात येऊन बसली! फडक्याची घडी तशी पातळच होती. माझा तळ पोचा आलेला. दूध जरा जोरात उकळलं असतं, मी जरा जास्त डुगडुगलो असतो, तर एका टोल्यात तिचे दोन तुकडे. कोणी मला दोष दिला नसता. जुना टोप, डुगडुगला, एवढंच.

आणि त्याच वेळी दाराची घंटा वाजली. शेजारच्या मावशी पिशवीची चेन तुटली म्हणून आल्या होत्या. मावशी एकदा बोलायला लागल्या की चेन बाजूला राहते आणि सुनेची गाऱ्हाणी सुरू होतात. बाई दारात अडकल्या. दूध आटायला लागलं. माझं अंग तापायला लागलं. हीच संधी, असं मी म्हटलं.

पण बाई दारातून सारख्या मागे वळून बघत होत्या. कोणाकडे? कपबशी तर दुधात पुरती बुडालेली, तिचा सोनेरी काठसुद्धा दिसत नव्हता. बाई माझ्याकडे बघत होत्या. कितीतरी दिवसांनी माझ्याकडे. नवी नवरी होत्या तेव्हा बघायच्या तशा, सगळं माझ्यावर सोपवून. मग मी कसा हलणार? मी हललो नाही, मित्रांनो. दूध तळाला लागलं, करपलं, फडकं तपकिरी झालं, माझ्या तळाच्या कडेची काच तटतट वाजली. मी सगळा चटका अंगावर घेतला आणि तिला धक्का लागू दिला नाही. तिच्यासाठी नाही हं! बाईंसाठी.

बाई धावत आल्या, गॅस बंद केला. सगळं गार झाल्यावर कपबशी बाहेर काढली. रेघ मिटली होती. बाईंनी ती छातीशी धरली आणि रडल्या. मग करपलेला मी उरलो. तारेच्या घासणीने त्या मला खसाखसा घासत बसल्या आणि घासता घासता तळाच्या कडेची काच टवका होऊन निघाली.

अंघोळीचा दिवस आला. टब, टॉवेल, अंगठी बाजूला. मालक एकेक टिचकी मारत होते. टण्ण. टण्ण. मधमाशीवालीची पाळी आली. ठप्. मालकांनी पुन्हा मारली. ठप्. त्यांनी ती उजेडात धरली. काहीच दिसेना. मग सवयीप्रमाणे नाकाशी नेली.

"अगं," मालक हळूच म्हणाले, "हिला दुधाचा वास येतोय."

बाईंच्या हातातला पंचा खाली पडला. मला वाटलं, आता संपलं सगळं.

"मी चहा प्यायले त्यातून," बाई म्हणाल्या. "तडा गेला. मग दुधात उकळली. घ्या, लावा कपाटाला कुलूप."

मालकांनी कप पुन्हा एकदा उलटा करून पाहिला. मग त्यांनी विचारलं, "का प्यायलीस?"

"बोटं आरपार दिसतात म्हणून दाखवत होतात ना त्या दिवशी? तेव्हा या बोटात सुई घुसलेली होती. तुम्हाला बोट दिसलं. चिंधी नाही दिसली."

मालकांनी कप खाली ठेवला. बाईंचा हात हातात घेतला आणि उलटा केला, कप उलटा करतात तसा. बोटावर सुईची काळसर खूण होती. ती त्यांनी अंगठ्याने चाचपून पाहिली, उजेडाकडे धरून पाहिली.

"कसा लागला चहा?" शेवटी त्यांनी विचारलं.

"अर्धाच प्यायले," बाई म्हणाल्या, आणि रडता रडता त्यांना हसू फुटलं. "पण छान लागला हो!"

त्या दिवशी मालकांनी स्वतः चहा केला. दोन्ही गुलाबाच्या कपबश्या ओट्यावर ठेवल्या. आधी दूध, मग चहा. तडकलेली स्वतःकडे घेतली. कपाटाची अंघोळ तशीच अर्धवट राहिली, आणि दोघं खिडकीत बसून संध्याकाळपर्यंत बोलत होती. दूध माझ्यातलंच होतं, पण माझं नाव कोणी काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गळायला लागलो. जिथे काच निघाली होती तिथे पत्र्याला भोक पडलं होतं. दूध थेंब थेंब गॅसवर पडलं आणि गॅस विझला. लगेच बाजारातून स्टीलचा एक चकचकीत टोप आला. त्याला बघून माझं काय झालं असेल ते तुम्हीच समजून घ्या. बाई मात्र मला भंगारात द्यायला तयार होईनात. "ज्याने तुमची कपबशी वाचवली त्याला टाकून देऊ?" असं त्या म्हणाल्या.

मग मालक मला आपल्या कामाच्या खोलीत घेऊन गेले. पहिल्यांदाच त्यांनी मला उलटा करून पाहिला. नखाने टिचकी मारली. ठण्. त्यांनी मान डोलवली. दाताच्या भोकात भरतात तो मसाला माझ्या भोकात भरला. आणि दात रंगवायच्या बारीक कुंचल्याने त्यावर एक मधमाशी काढली. दोन पंख, दोन मिशा. मित्रांनो, तुम्हाला सांगतो, मला भरून आलं.

पण तो मसाला आगीवर टिकत नाही. म्हणून मला कुठे ठेवलं, ओळखा. कपाटात. सगळ्यांत वरच्या फळीवर, मधोमध. तिथली जागा रिकामी झाली होती ना! गुलाबाची जोडी आता ओट्यावर असते. आल्यागेल्याला मालक माझी मधमाशी दाखवतात. वर्षातून एकदा मला टॉवेलवर ठेवून अंघोळ घालतात. जन्मभर जे जे मागितलं ते सगळं मिळालं, आणि मी काचेमागे बसून पुन्हा त्याच बयेवर जळतो आहे. तिला रोज चहाचा चटका मिळतो, बाईंचे ओठ मिळतात. तिचा सोनेरी काठ झिजत चालला आहे. भाग्यवान आहे लेकाची!

म्हणून एक विनवणी करतो, मित्रांनो. तुमच्या घरात कोणी काही फार जपून कपाटात ठेवलं असेल, तर ते जरा बाहेर काढायला सांगा. त्याला काम द्या, हात लागू द्या. झिजलं तरी चालेल. फक्त आधी दूध, मग चहा, एवढं विसरू नका. आणि चहा कोणी केला, त्याच्या बोटांकडे एकदा बघा.

आता सकाळ झाली आहे. बाईंनी मशीनवर बसून दोरा ओवला आहे. त्यांचा कान स्वयंपाकघराकडे आहे. गॅसवर कोणीतरी बारीक सूर काढायला लागलं आहे, आणि साय धरल्याचा वास काचेच्या फटीतून माझ्यापर्यंत येतो आहे.